आमची वाटचाल : पार्टिशनच्या कामापासून साउंडप्रूफ केबिनपर्यंत

भोसरी एमआयडीसीत आम्ही ॲल्युमिनियम पार्टिशनची कामं घ्यायचो. शॉप फ्लोअरच्या कोपऱ्यात सुपरवायझरची केबिन, समोर काच, वर पीव्हीसी सीलिंग. धूळ थांबायची, आवाज मात्र जसाच्या तसा. पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनचा, दणका सुरू झाला की आतला माणूस मोबाइल कानाला लावून गेटबाहेर पळायचा. बिल पास करताना साहेब हमखास विचारायचे, "ते सगळं ठीक, आवाजाचं काय?" याच प्रश्नावर पुढे आमचा धंदा उभा राहिला.

अजूनही बरेच जण म्हणतात, "आतून फोम चिकटवून द्या." फोमनं खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा अडवायला भिंतीत वजन लागतं. थर्माकोलचं तर नावच काढू नका. आम्ही दोन्हीकडून जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर देतो, मध्ये 50 मिमी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. काचा दोन, एक 6 मिमीची, एक 10 ची. सारख्या जाडीच्या घेतल्या तर दोन्ही एकाच सुराला थरथरतात आणि तो सूर आरामात आत येतो.

खरी मारामारी दाराशी. भिंत कितीही भारी करा, एक टक्का जागा उघडी राहिली की 20 डेसिबलच्या पुढे फरक पडत नाही. म्हणून चौकटीला फट बुजवणारी रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, आणि दाराखाली ड्रॉप सील : दार लागलं की पट्टी आपोआप उतरून लादीला टेकते. एवढं सगळं झाल्यावर एसीवाला येतो आणि पाइपासाठी हाताएवढं भोक पाडून जातो. त्याच्यावर इलाज अजून सापडलेला नाही.

हादरा जमिनीतूनही येतो. केबिनचा सांगाडा निओप्रीन रबराच्या पॅडवर ठेवला की बराच फरक पडतो. पण शेजारीच मोठ्या टनेजचा प्रेस असेल तर आम्ही सरळ सांगतो, केबिन दुसरीकडे हलवा. यात काही ऑर्डरी गेल्या, जाऊ देत.

आठ तासांना 90 डेसिबल ही कारखान्यातली मर्यादा कान वाचवायला आहे; तेवढ्या आवाजात मीटिंग होत नाही. आम्ही केबिनमध्ये 60 च्या आत आणायचं ठरवून काम घेतो. फिटिंग गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी. मोजणी मात्र शुक्रवारी, सगळे प्रेस चालू असताना, मीटर साहेबांच्याच हातात देऊन. शेवटचा हप्ता त्यानंतरच मागतो.