जागरणाची किंमत

आज पहिल्या तासाला नववीतली एक एरवी हुशार मुलगी साधे समीकरण पुन्हा पुन्हा खोडत होती आणि चूक दाखवताच तिचे डोळे भरून आले. अभ्यासासाठी ती रोज मध्यरात्रीनंतरही जागते, असे विचारल्यावर कळले. किशोरवयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे संप्रेरक, रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या मुलांना लवकर झोपच येत नाही. त्याला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची झोप लागते, कारण दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, आणि ती सतत अपुरी पडली की एकाग्रता ढळतेच, शिवाय चिडचिड, चिंता आणि नैराश्याचा धोकाही वाढतो. जागरणाचे कौतुक करणारे पालक पाहिले की फार वाईट वाटते. सकाळची चाचणी तिसऱ्या तासाला घेऊ द्यावी, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे.