तिशीचा झाडू आणि आपले उखाणे

जर्मनीतील ब्रेमेन शहरात सेंट पेट्री कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर चालणारा एक प्रकार मी प्रत्येक वेळी थांबून पाहते. वयाची 30 वर्षे पूर्ण झाली तरी लग्न न झालेल्या पुरुषाला त्याचे मित्र वाढदिवशी तेथे आणतात, त्याच्या हातात झाडू देतात आणि पायऱ्यांवर बाटल्यांची बुचे ओततात. एखादी मुलगी येऊन मुका घेईपर्यंत त्याने झाडत राहायचे, असा दंडक आहे. अविवाहित मुलींना त्याच वयात कॅथेड्रलच्या दारांच्या मुठी घासून लख्ख कराव्या लागतात. गेल्या शनिवारी एकाने सगळी बुचे कशीबशी कोपऱ्यात गोळा केली, तोच एका मित्राने शांतपणे आणखी एक बादली वरच्या पायरीवर रिकामी केली, आणि मोबाइलवर चित्रण करणारी त्या मुलाची आई हसून हसून डोळे पुसू लागली.

त्या आईने मला अंतर्मुख केले. आपल्याकडे तिशी उलटलेल्या मुलाचा विषय निघाला की आवाज खाली येतो, पत्रिका बाहेर निघतात, मंगळ आणि पगार यांची चर्चा होते, आणि ती आई चारचौघांत जाणेच टाळू लागते. काळजी खरी असते, हे मी नाकारत नाही. पण त्या काळजीत हसण्याला जागा का नसावी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक काढून भल्याभल्यांची जाहीर टर उडवणारे आपले नागपूर, 1881 पासून काळी मारबत मिरवणारे आपले शहर, लग्नाच्या विषयावर मात्र इतके गंभीर का होते?

हे सगळे मनात असले तरी ब्रेमेनमधल्या माझ्या कार्यालयातील एका सहकारी बाईंनी, ‘घरच्यांनी ठरवून दिलेली दोन माणसे एकत्र हसतात तरी केव्हा?’ असे विचारले, तेव्हा मला ते झोंबले. आमच्याकडे अनोळखी नवराबायकोंना हसवण्याची जबाबदारी अख्खे घर घेते, असे मी त्यांना सांगितले. नवरीचा भाऊ कानपिळीला नवरदेवाचा कान धरतो, करवल्या जोडे पळवतात, एकमेकांच्या मुठीतून सुपारी सोडवायला लावतात, आणि त्या झटापटीत दोघे पहिल्यांदा मनमोकळे हसतात. माझ्या लग्नातही ते तसेच झाले, आणि सुपारीची ती झटापट आम्हा दोघांना सप्तपदीपेक्षा अधिक स्पष्ट आठवते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी काकूने एका हळदीकुंकवाला घेतलेला उखाणाही मी त्यांना अर्थासह ऐकवला :

‘कूलरच्या टाकीत पाणी भरलं काठोकाठ,
वसंतरावांना उठवता उठवता वाजले आठ.’

त्या दिवशी दाराशी उभे असलेले काका सर्वांत मोठ्याने हसले होते, आणि मला वाटते, सगळा फरक तेथेच आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2017 मध्ये 39 अभ्यास एकत्र तपासून जो निष्कर्ष काढला, तोही याच वाटेने जातो : जोडीदार एकटा किती विनोदी आहे यापेक्षा दोघे मिळून हसतात की नाही, याचा नात्यातील समाधानाशी अधिक जवळचा संबंध असतो.

म्हणूनच आपल्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी येणारे ‘बायको’ या विषयावरचे विनोद मला मनापासून खटकतात. बायको म्हणजे खर्च, बायको म्हणजे कटकट, माहेरी गेली की स्वातंत्र्यदिन. हे पाठवणारे काका-मामा प्रेमळ आहेत, बायकोच्या आजारपणात रात्र रात्र जागलेले आहेत, तरीही त्या विनोदांत हसणारा एक आणि गप्प बसणारी दुसरी असते. काकूचा उखाणा काकांसमोर, त्यांच्या नावासकट घेतलेला होता. हे विनोद मात्र बायकोच्या पाठीमागे फिरतात, आणि गटात तीही आहे, हे सगळे विसरलेले असतात.

येत्या डिसेंबरात धाकट्या भावाचे लग्न नागपुरात आहे. उखाणा केवळ नवरीने घ्यायचा नाही, नवरदेवानेही घ्यायचा आणि तो तिला हसू येईल असाच असला पाहिजे, असे मी त्याला फोनवर बजावले आहे. त्याने तिला ऐकवून पाहण्यासाठी दोन लिहिलेही आहेत. पहिला तिने नापास केला.