पहाटे तीनची जाग

पंचवटीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकची वेळ संध्याकाळी चार ते नऊ. सकाळी फक्त लकव्याचे दोन-तीन पेशंट असतात. कंबर, मान, गुडघे हे सगळं संध्याकाळचं. निफाड, ओझर, दिंडोरीकडचे शेतकरी बागेतलं काम उरकून येतात, सातपूर-अंबडचे कामगार पहिली पाळी सुटली की येतात. बारा वर्षं हेच वेळापत्रक चाललं होतं. त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या वर्षी डिसेंबरात निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार आला. वय २९. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती: एल-४, एल-५ डिस्क बल्ज, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधली गादी फुगलेली; उपाय ट्रॅक्शन, म्हणजे मशीनने कंबर ताणणं, आणि व्यायाम. सोबत एमआरआयची मोठी पिशवी. कंबर पाच वर्षांपासून दुखत होती. "मणक्यात गॅप आहे मॅडम," हे निदान त्याने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. पट्टा वापरून झाला होता, इंजेक्शनं झाली होती, मध्ये एकदा तीन आठवडे सक्तीची विश्रांतीही झाली होती.

मी तपासलं. पाय सरळ वर उचलला तर कुठेही कळ न उठता वर गेला. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, पंजात जोर पुरा. नस दबल्याची एकही खूण नव्हती. मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. चिठ्ठीत जे लिहिलं होतं तेच रिपोर्टात छापलं होतं, म्हणून मीही तेच धरून चालले. अजिबात न दुखणाऱ्या तिशीतल्या माणसांच्या एमआरआयमध्येही डिस्क बल्ज सर्रास सापडतो, हे मला पाठ होतं. तरी दहा दिवस मी त्याला ट्रॅक्शन लावलं, शेक दिला. कसं वाटतंय विचारलं की तो म्हणायचा, "आत्ता बरंय." आत्ता म्हणजे संध्याकाळी साडेसहाला, दिवसभर बागेत राबून आल्यावर.

जानेवारीत एक दिवस त्याचा फोन आला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तिला आठला नाशिकात पोचवायचं होतं. त्याच्या आधी साडेसातला आलो तर चालेल का? मी हो म्हटलं. थंडी कडाक्याची होती. निफाडचा पारा आठवडाभर एक आकडी होता. मी शटर वर करून दारातच उभी होते, तेवढ्यात त्याची गाडी आली.

गाडीचं दार उघडलं आणि बराच वेळ कोणी उतरलंच नाही. मग एक हात वर येऊन छताची कड धरताना दिसला. मग एक पाय बाहेर. तो पाय जमिनीवर टेकवून तो तसाच बसून राहिला, जणू पुढच्या हालचालीची तयारी करत होता. मग दोन्ही हातांनी कड धरून उभा राहिला, पण सरळ झाला नाही. पुढे कललेला, गुडघे किंचित वाकलेले, पावलं इंचाइंचाने. पायरी चढताना त्याने भिंत धरली. मागून बायकोच्या हाताला धरून येणारी त्याची साठीची आई त्याच्याआधी आत पोचली.

दहा दिवस मी ज्याला तपासत होते तो हा माणूस नव्हता.

"रोज सकाळी असं होतं?" मी विचारलं.

"होतं की. तासभर अंग आखडलेलं असतं. एकदा कामाला लागलं की मोकळं होतं. थंडी आहे ना मॅडम."

"मग मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही."

ते खरंच होतं. कुठे दुखतं हे मी विचारलं होतं, किती दुखतं हे विचारलं होतं. कधी दुखतं आणि कशाने थांबतं, हे विचारलं नव्हतं. झिजेची, ताणाची, गादीची कंबर काम केल्याने दुखते आणि पडून राहिल्याने बरी होते. दाहाची कंबर पडून राहिल्याने दुखते आणि हालचालीने सुटते. हा उलटा हिशोब पहिल्या वर्षापासून शिकवतात. मी त्याला त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "त्याच्याइतके वाईट दिवस आयुष्यात गेले नाहीत. कूससुद्धा बदलवत नव्हती."

रात्री झोप मोडते का, विचारलं तर नाही म्हणाला. पहाटे उठतो, पण ते बागेसाठी. कडाक्याच्या थंडीत मण्यांना तडे जातात, म्हणून आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक सोडतात. त्यासाठी तो तीनला उठतो. तेव्हा त्याची बायको पहिल्यांदा बोलली.

"शेकोट्यांचे दिवस महिनाभराचे मॅडम. हे बाराही महिने तीनला उठतात. उठून अंगणात फेऱ्या मारतात. मी विचारलं की म्हणतात, पाण्याची पाळी आहे."

त्याने मान खाली घातली. घरात त्याच्या कष्टाळूपणाचं कौतुक व्हायचं, आणि सकाळी सातला तो खाटेवरून उठेना म्हणून चिडचिडही व्हायची. दिवसभर राबणारा माणूस सकाळी पाणी काढायला का कुरकुरतो, हे कुणाला कळत नव्हतं. भावाने एकदा 'नाटकं' हा शब्द वापरला होता. तेव्हापासून त्याने दुखण्याचं नाव काढणं सोडलं होतं.

मी म्हटलं, एका बोटाने दाखवा कुठे दुखतं. आधी 'कंबर' म्हणून तो अख्खा तळहात आडवा फिरवायचा, आज बोट नेमकं टेकलं. मणक्यावर नाही, पाठीच्या खाली दोन्ही बाजूंना ज्या खळ्या असतात त्यांतल्या डाव्या खळीच्या जरा खाली, कुल्ल्याच्या वरच्या भागात. "मागच्या महिन्यात उजवीकडे होतं," तो म्हणाला. एकदा डावा कुल्ला, एकदा उजवा, अशी बाजू बदलणारी वेदना हीसुद्धा मोठी खूण.

त्या खळ्यांच्या खाली सॅक्रोइलियाक सांधा असतो. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं पसरट हाड यांना जोडणारा. हा सांधा हलतो अगदी थोडा, पण वरच्या धडाचं सगळं वजन याच्यातून पायांत उतरतं. खोल असतो, जाड बंधांनी झाकलेला. तिथली सूज वरून दिसत नाही की हाताला लागत नाही. म्हणून त्याला ताण देऊन बोलतं करावं लागतं.

उताणं झोपवून डावा पाय इंग्रजी चारच्या आकड्यासारखा दुमडला आणि गुडघा हळूच खाली दाबला. कळ जांघेत आली असती तर खुब्याचा संशय. त्याची कळ मागे, त्या खळीखालीच उठली. मग मांडी उभी धरून खाली रेटा दिला. तो दचकला, "हीच, हीच ती." पाच चाचण्या केल्या, चारांत तीच ओळखीची वेदना. अशा तीन किंवा जास्त चाचण्या जुळल्या की दुखणं या सांध्याचं आहे हा संशय बळावतो. दाह आहे की नुसता ताण, ते मात्र या चाचण्या सांगत नाहीत. ते वेळ सांगते, वय सांगतं, बाकीचं शरीर सांगतं.

पाठीवर पेनने दोन खुणा केल्या, खळ्यांच्या रेषेवर एक आणि तिच्यावर १० सेंटिमीटरला दुसरी. वाकायला सांगितलं. निरोगी पाठीत हे अंतर १५ च्या आसपास जातं. त्याचं १२.५ झालं. डिसेंबरात त्याची बोटं नडगीच्या खालपर्यंत पोचली होती, म्हणून मी टेप काढलीच नव्हती. पण बोटं खुब्यातून वाकूनही खाली जातात. पाठ वाकत होती का, हे मी पाहिलंच नव्हतं.

मग बाकीचं शरीर. टाच? दोन वर्षांपूर्वी सकाळी पहिलं पाऊल टाकताना दुखायची. सोरायसिस, जुलाब, आव? नाही. डोळे?

"डोळे आले होते. तीनदा."

"दोन्ही?"

"नाही, एकच. एकदा हा, दोनदा तो. उजेड बिलकुल सहन व्हायचा नाही. डॉक्टरांनी थेंब दिले, त्याने बाहुली मोठी झाली, मग उतरलं."

साथीत डोळे येतात ते बहुधा दोन्ही, चिकट, आणि घरात एकाचे दुसऱ्याला. इथे एकच डोळा लाल, उजेडाची तिडीक, आणि बाहुली मोठी करणारे थेंब. हा डोळ्याच्या आतला दाह, युव्हायटिस. मला ज्याचा संशय येत होता त्या कण्याच्या दाहाच्या संधिवातात साधारण चारातल्या एकाला तो कधी ना कधी होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा बरा केला, हाडांच्या डॉक्टरांनी कंबर पाहिली, आणि डोळे व कंबर एकाच माणसाचे आहेत हे कोणाच्याच कागदावर आलं नाही. माझ्याही.

घरात कोणाला पाठीचा त्रास? नाही म्हणाला. त्याची आई बाकावरून म्हणाली, "आबांची पाठ?" म्हणजे धाकटे चुलते. "ते वयाचं आहे," तो म्हणाला. मी वय विचारलं. बावन्न.

मी ट्रॅक्शनचं मशीन लावलं नाही. संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांना सविस्तर चिठ्ठी लिहिली. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी असेल आणि तिचा तोंडवळा असा असेल, तर याच आजाराचा विचार करायचा, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००९ च्या निकषांत मांडलं आहे. त्याआधीचे १९८४ चे निकष एक्स-रेवर अवलंबून होते, आणि एक्स-रेवर हाड खरवडलेलं दिसायला कित्येकदा वर्षं जातात.

त्याचंही तेच झालं. कमरेच्या एक्स-रेत ठाम काही नव्हतं. ईएसआर आणि सीआरपी या रक्तातली सूज दाखवणाऱ्या चाचण्याही नॉर्मल. इथे पुन्हा फाईल मिटली असती, कारण रक्तात सूज नाही म्हणजे सूज नाहीच, असं पेशंटच नव्हे, आपणही धरून चालतो. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आला. पण डॉक्टरांनी त्याला समजावलं की हा जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, एकट्या या चाचणीवर निदान करायचं नसतं. मग सॅक्रोइलियाक सांध्यांचा वेगळा एमआरआय झाला. 'स्टर' नावाच्या पद्धतीत हाडाची चरबी काळी होते आणि सुजेचं पाणी पांढरं उजळतं. दोन्ही सांध्यांच्या दोन्ही काठांना, हाडाच्या आत, पांढरे ढग पसरले होते.

त्याने जुनी फिल्म आणि नवी फिल्म माझ्या लाइटबॉक्सवर शेजारी लावली. "मग हे आधीच्यात का नाही आलं?"

मी दाखवलं. आधीचा एमआरआय कण्याचा होता. उभे काप मधल्या पट्टीतले, आडवे काप डिस्कमधून. सांधे दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर राहिले होते.

तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे देठ परीक्षणाला शेजारच्या प्लॉटचे देठ पाठवले."

अगदी तसंच. बागेला कोणतं खत कमी पडतंय ते पानांचे देठ तपासून बघतात. रिपोर्ट खोटा नव्हता, प्लॉट दुसरा होता.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बारकाईने विचारली, आणि आपल्या भागात ती विचारायलाच हवी: ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम, गोठ्यातलं न तापवलेलं दूध. क्षय आणि ब्रुसेला हे दोन्ही जंतू या सांध्यात घर करतात, बहुतेक वेळा एकाच बाजूला. तिथे चुकून दाह दाबणारी भारी औषधं दिली तर अनर्थ होतो. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या सांध्यातही ताणाने तसाच पांढरेपणा दिसू शकतो. याच्या बाबतीत दोन्ही बाजू, पाच वर्षं, डोळा, टाच, चुलते, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. निदान लिहिलं गेलं: ॲक्सिअल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस, म्हणजे कण्याचा आणि या सांध्यांचा दाहाचा संधिवात.

दाहविरोधी गोळी पूर्ण डोसमध्ये, रोज, पोट आणि किडनीवर लक्ष ठेवून सुरू झाली. दुखलं की एक, असं नाही. आठ दिवसांनी त्याच्या बायकोचा मला फोन आला. ती इतकंच म्हणाली, "काल हे सहाला उठले. मी घाबरून नाकाजवळ हात धरून पाहिला." पुढे दाह दाबणारी भारी इंजेक्शनं लागतील की नाही ते डॉक्टर ठरवणार होते, त्याच्या आधी क्षयाची तपासणी होणार होती. माझ्याकडे व्यायाम: पाठ मागे नेण्याचे, छाती फुगवण्याचे, पालथं झोपण्याचे. पट्टा मी सोडायला लावला. विश्रांती हा शब्द त्याच्या फाईलमधून खोडला.

जगभरात या आजाराच्या निदानाला सरासरी सहा-सात वर्षं लागतात, असं अभ्यास सांगतात. मला त्याचं एक कारण तरी माझ्याच दाराच्या पाटीवर दिसतं: वेळ, संध्याकाळी ४ ते ९. आता चाळिशीच्या आतली कंबर आली की पहिली भेट मी सकाळी साडेसातची देते. लांबून येणारे कुरकुरतात. मी ऐकत नाही.

मार्चमध्ये, बाग खाली झाल्यावर, तो आबांना घेऊन आला. आबांनी मला नमस्कार केला तेव्हा मान वळली नाही, अख्खं अंग वळलं. पंचविशीत बैलगाडीवरून पडलो, तेव्हापासून पाठ धरली, असं ते म्हणाले. मी त्यांना भिंतीला लागून उभं केलं. टाचा टेकल्या, कुल्ले टेकले. डोकं मागे न्या म्हटलं. त्यांनी डोळे मिटून जोर लावला, गळ्याच्या शिरा ताणल्या. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये मी टेप धरली. १७ सेंटिमीटर.

आबांनी विचारलं, "किती असायला पाहिजे?"

मी काही बोलायच्या आत पुतण्या त्यांच्या शेजारी भिंतीला लागून उभा राहिला होता. त्याचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं.