एंजलच्या मिशा कुणी खाल्ल्या?

आज सकाळी चहाचा कप घेऊन फिश टँकसमोर बसले तर एंजल माशाच्या पोटाखाली लोंबणाऱ्या त्या दोन लांब दोऱ्या (खरं तर पंखच), आमची चिऊ त्यांना मिशा म्हणते, अर्ध्या गायब! आणि बाजूला दोघे टायगर बार्ब मासे एकदम साळसूद चेहऱ्याने फिरतायत. गेल्या रविवारी कुर्ल्याहून आणले होते, विकणारा म्हणाला "ताई, सगळे मिक्स चालतात, बिनधास्त टाका" आणि मी पण टाकले, दोनच आणले कारण टँक दोन फुटी, पाणी जेमतेम ५५ लिटर (एंजलला लहान पडतो, माहितीये, बोलू नका). नंतर कळलं की बार्ब ६-८ च्या घोळक्यात असले तर आपापसातच मस्ती करत बसतात, कमी असले की दुसऱ्यांच्या पंखांना तोंड लावतात, आणि एंजल, गप्पी, फायटर असे लांब पंखवाले म्हणजे तर त्यांना आयतंच. घोळका असला तरी एंजलसोबत नकोच म्हणा.

चिऊला आता गोल्डफिश हवाय. म्हटलं बाई, त्याला गार पाणी लागतं, २०-२२ डिग्री, एंजलला २६ च्या आसपास, शिवाय तो घाण केवढी करतो! निऑन टेट्रा पण नको, एंजल मोठा झाला की गिळतो त्यांना. शेवटी ६ कोरी मासे ठरले, तळाशी हुंगत फिरतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त टोकदार खडे काढून बारीक वाळू घालावी लागेल म्हणजे अजून एक रविवार गेला.

बार्ब सध्या बादलीत आहेत, एअर पंप लावून. मोठा टँक असलेल्या कुणाला हवेत का? फुकट.