क्वीन मेरी २ वरची गाला संध्याकाळ

साउथॅम्प्टनहून न्यू यॉर्कला निघालेल्या ‘क्वीन मेरी २’ या प्रवासी बोटीवर आज आमची पहिली गाला संध्याकाळ, म्हणजे औपचारिक पोशाखात सजायची संध्याकाळ, झाली. अशा दिवशी ६ नंतर पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय घालावा, असा इथला रिवाज आहे. मात्र औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालतो, म्हणून यांनी काळा बंदगळा घातला आणि मी आईची पैठणी नेसले. जुन्या काळी मोठ्या बोटींवर पहिल्या वर्गाचे प्रवासी जवळजवळ रोज रात्री असे सजत. फक्त पहिली आणि शेवटची रात्र सोडत, कारण तेव्हा ट्रंका उघडायच्या तरी असत किंवा बांधून झालेल्या तरी. हा बारकावा मला फार आवडला. ब्रिटानिया भोजनगृहाचा जिना उतरताना मी पदर सावरला, तेव्हा आईची तीव्रतेने आठवण आली.