रिपोर्ट नको, मूळ स्कॅन द्या!

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात तळाशी एक ओळ असते: 'जुन्या स्कॅनशी तुलना करावी.' लिहिणाऱ्याला ती लिहायला क्षणभर लागतो. ती तुलना प्रत्यक्ष होईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मला फुफ्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार होता. प्रत्यारोपणात एकच फुफ्फुस बदललं, उजवं. डावं माझं जुनंच आत आहे. ऑपरेशन, आयसीयू, घरी परतणं यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते सोडतो. प्रत्यारोपणानंतर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे मात्र मला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. एकच फुफ्फुस बदललेलं असेल तर हा कर्करोग बहुतेक वेळा उरलेल्या जुन्या फुफ्फुसात निघतो, नव्यात क्वचित. फायब्रोसिस काय, एम्फिसिमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार) काय, दोन्ही आजारांत मुळातच हा धोका वाढलेला असतो. पूर्वी सिगारेट ओढलेली असली तर विचारूच नका. शिवाय टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड रोज चालू. नवं फुफ्फुस शरीराने नाकारू नये म्हणून या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची, आणि बिघडलेल्या पेशी हेरून संपवायचं कामही तिचंच.

नेहमीच्या तपासणीत डाव्या बाजूला खाली ९ मिलिमीटरची गाठ दिसली. एक्स-रेत काही नव्हतं. फायब्रोसिसच्या जाळ्यात एवढी गाठ एक्स-रेवर लपून जाते. डॉक्टर म्हणाल्या, "लगेच घाबरू नका. तुमच्यासारख्यांत गाठ म्हणजे बुरशी असू शकते, टीबी असू शकतो, नोकार्डिया नावाचा जंतू असू शकतो, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोगही असू शकतो." ही यादी ऐकून न घाबरणारा माणूस मला दाखवाच.

मग त्यांनी मागच्या वर्षीचा स्कॅन मागितला. तो दुसऱ्या रुग्णालयात काढलेला. मी फाइलमधून रिपोर्ट काढून पुढे केला. 'लक्षणीय गाठ नाही' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. "रिपोर्ट नको, मूळ स्कॅन आणा." गाठ तेव्हा नव्हतीच, की होती पण कुणी नोंदवली नाही, की होती तेवढीच आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. भरीव गाठ दोन वर्षं जराही हलली नाही तर बहुधा निरुपद्रवी. थोड्याच दिवसांत अचानक उगवली तर आधी इन्फेक्शनचा संशय. महिन्यामहिन्यांनी बेताने वाढत गेली तर कर्करोगाचा.

आता त्या रुग्णालयाची रेकॉर्डची खिडकी. "रिपोर्ट दिलाय ना तुम्हाला? मग?" हे पहिलं उत्तर. मी कारण सांगितलं. "पेशंटला स्वतः यावं लागेल." मीच पेशंट, म्हटलं. तेव्हा त्या गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर करून माझा मास्क बघितला. अर्जावर भरती क्रमांक हवा. मी भरती नव्हतोच, ओपीडीत स्कॅन काढला होता, त्याचा क्रमांक वेगळा, आणि त्यासाठी अर्जात रकाना नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांचं पत्र हवं. पत्र आणलं तर त्यावर शिक्का नाही. शिक्का आणला तर सही करणारे साहेब मीटिंगमध्ये. आणि हे सगळं खोकणाऱ्या माणसांनी भरलेल्या बोळात उभं राहून, ज्याला डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून बजावलंय त्या माणसाने! तिथेच बाकावर फोनवर वाचलं, की १९६३ साली डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसावर पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण केलं, त्या रुग्णाला फुफ्फुसाचा कर्करोगच होता आणि तो १८ दिवस जगला. नको तेव्हा नको ते वाचू नये.

अखेर सीडी मिळाली. घरी उघडली तर आत मोजकेच फोटो, 'महत्त्वाची चित्रं' म्हणून कुणीतरी निवडलेले. गाठच कुणाला दिसली नव्हती, तर तिचा फोटो कोण निवडणार? परत खिडकी. या वेळी पूर्ण स्कॅन मिळाला, पण ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइसचा, म्हणजे जाड कापांच्या चित्रांचा. लहान गाठ त्यात नीट मोजता येत नाही. १ मिलिमीटरच्या हव्या होत्या. खिडकीवर असा काही प्रकार असतो हेच माहीत नव्हतं. वैतागून मी थेट सीटीच्या खोलीशी गेलो. तिथल्या टेक्निशियन पोराने ऐकून घेतलं, सर्व्हरवर शोधलं आणि उभ्याउभ्या पातळ स्लाइस कॉपी करून दिल्या. "नशीब तुमचं, जागा करायला या पातळ स्लाइसच आधी उडवतात," म्हणाला. तुम्ही जाणार असाल तर खिडकीवर नुसतं 'सीडी द्या' म्हणू नका. 'पातळ स्लाइससकट पूर्ण डायकॉम' (म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) असं अर्जातच लिहा. खरं तर स्कॅनच्या दिवशीच मागून घ्यावं.

पातळ स्लाइसमध्ये गाठ होती. रक्तवाहिनीला चिकटून, ४ मिलिमीटरची. ४ ची ९ म्हणजे ऐकायला दुपटीहून थोडी जास्त, पण घनफळात हिशेब केला तर अकरापट. वर्षभरात. तिथून पुढे कुणी 'वाट पाहू' म्हणालं नाही.

सुईने बायोप्सी झाली: स्क्वेमस, म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार, पहिला टप्पा. फायब्रोसिस असलेल्या फुफ्फुसाला रेडिएशनने जास्त इजा होऊ शकते, आणि माझा श्वास तसाही नव्या फुफ्फुसावरच चालतो, म्हणून सर्जरी ठरली. जुन्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढला. खरं सांगतो, निदान ऐकताना भीतीइतकंच 'चला, एकदाचं कळलं' असं वाटलं.

हो, पेट स्कॅनचं राहिलं. तो बायोप्सीच्या आधी झाला. त्यात किरणोत्सर्गी साखर टोचतात आणि ती जास्त ओढणाऱ्या जागा चित्रात चमकतात. उपाशीपोटी जायचं असतं आणि रक्तातली साखर आटोक्यात हवी. साधारण २०० च्या वर गेली तर परत पाठवतात. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसने आपल्या प्रत्यारोपणवाल्यांपैकी अनेकांची साखर चढते, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा आधीच विचारून ठेवा. शिवाय पेटमध्ये इन्फेक्शनही चमकतं, त्यामुळे नुसत्या चमकण्यावरून कुणी निष्कर्ष सांगू लागलं तर बायोप्सीचं विचारा.

कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या औषधांच्या बातम्या नातेवाईक हौसेने पाठवतात. आपल्या बाबतीत ती औषधं नव्या फुफ्फुसावरच उलटू शकतात. प्रत्यारोपणाच्या टीमला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. तसंच, ५० ते ८० वय आणि इतकी वर्षं सिगारेट, हे अमेरिकेतले फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगचे (लक्षणं नसताना करायच्या तपासणीचे) निकष सर्वसाधारण लोकांसाठी आहेत. त्यात बसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जुनं फुफ्फुस आत असेल तर सीटी किती दिवसांनी काढायचा हे आपल्या टीमकडून ठरवून घ्या.

आणि ज्यांची दोन्ही बदलली आहेत त्यांनी काढलेल्या फुफ्फुसांचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून वाचावा. कधीकधी कर्करोग त्या काढलेल्या फुफ्फुसातच सापडतो, आणि मग पुढच्या तपासण्या वेगळ्या ठरवाव्या लागतात.