कॅचरची नोंदवही : गॅरी सांचेझ आणि सुटलेल्या चेंडूंचा हिशेब

न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा माजी कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू घेणारा खेळाडू) गॅरी सांचेझ याचे 2017 आणि 2018 या दोन हंगामांतले सामने चेंडूगणिक पाहून त्याच्या बचावाची नोंद ठेवण्याचे जे काम मी हाती घेतले आहे, ते आता काही ठामपणे म्हणता येईल इतपत पुढे सरकले आहे. सांचेझवरून आपल्या मंडळींत दोन तट आहेत, हे काही नवे नाही. एका तटाच्या मते असा कॅचर खेळवणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धावा आंदण देणे. दुसऱ्या तटाच्या मते कॅचरच्या जागेवर खेळून हंगामात तीसहून अधिक होमरन (मैदानाबाहेर जाणारे फटके) मारणारा माणूस मिळत असेल, तर चार चेंडू सुटले म्हणून कोणी गळा काढू नये. गंमत अशी की दोन्ही बाजू वाद घालताना एकच आकडा पुढे करतात, तो म्हणजे पास्ड बॉलचा, अर्थात कॅचरच्या चुकीने सुटलेल्या चेंडूंचा, आणि माझा आक्षेप नेमका त्या आकड्यावर आहे.

2017 मध्ये सांचेझच्या नावावर 16 पास्ड बॉल लागले आणि 2018 मध्ये, दुखापतींमुळे अवघे 89 सामने खेळूनही, 18. त्या वर्षी संपूर्ण मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेत) याहून मोठा आकडा कोणाचाच नव्हता, त्यामुळे ओरड होणारच होती. परंतु पास्ड बॉल ही नोंद मुळात फार अरुंद आहे. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, टाकलेला चेंडू प्लेटपर्यंत (फलंदाज उभा असतो तिथल्या जमिनीतल्या पट्टीपर्यंत) पोहोचण्याआधी जमिनीला लागला आणि नंतर सुटला, तर नियमानुसार ती वाइल्ड पिच ठरते आणि दोष पिचरच्या खाती जातो. साधारण प्रयत्नात अडवता आला असता असा चेंडू सुटला, तरच तो कॅचरच्या माथी मारला जातो. त्यातही धावपटू पुढे सरकला नाही तर दोन्हींपैकी कशाचीच नोंद होत नाही. क्रिकेटमध्ये बायचा ठपका यष्टिरक्षकावर येतो आणि वाइडचा गोलंदाजावर, तशीच ही विभागणी आहे, आणि तिकडे जसे केवळ बाय मोजून यष्टिरक्षक चांगला की वाईट हे कोणी ठरवत नाही, तसे इकडेही ठरवू नये. कॅचरचे खरे कष्ट टप्पा पडलेले चेंडू छातीवर घेण्यात जातात, आणि तो चेंडू त्याने अडवला की गुणपत्रिकेवर त्याचा मागमूसही राहत नाही.

म्हणून नोंदवहीत नेहमीच्या गुणलेखनाखेरीज मी काही रकाने वाढवले आहेत. चेंडूचा टप्पा प्लेटच्या पुढे पडला, प्लेटवर पडला की बाजूला. बेसवर, म्हणजे धावपटूंच्या थांब्यांवर, कोण होते. कॅचरने दोन्ही गुडघे टेकून अंग मध्ये घातले की बसल्या जागेवरून केवळ मिट (कॅचरचा हातमोजा) पुढे केला. आणि चेंडू अंगाला लागल्यावर किती अंतरावर जाऊन थांबला. बेस रिकामे असताना आणि तिसरा स्ट्राइक (फलंदाजाला बाद करणारा चेंडू, पण कॅचरकडून सुटला तर फलंदाज धावू शकतो) पडण्याची शक्यता नसताना कोणताही कॅचर उगाच गुडघे झिजवत नाही, त्यामुळे ते चेंडू मी हिशेबातून वगळले आहेत. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, त्यामुळे असली बारकाईची नोंद थेट प्रक्षेपणावरून करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मागे-पुढे करता येईल असे चित्रमुद्रणच या कामाला बरे पडते.

हे रकाने भरत गेल्यावर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती तिसऱ्या रकान्यातली पुनरावृत्ती. चेंडू अडवण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी की कॅचरने मिट दोन्ही पायांमधल्या फटीसमोर जमिनीला टेकवावा, हनुवटी छातीशी घ्यावी, खांदे पुढे वळवून छाती किंचित पोकळ करावी आणि चेंडू धरण्याचा मोह टाळावा, म्हणजे चेंडू चिलखतावर आपटून तिथल्या तिथे मरतो. सांचेझ सहा फूट दोन इंचांचा, भरभक्कम बांध्याचा गडी आहे. टप्पा समोर पडणार हे ओळखू आले की तो हे सगळे व्यवस्थित करतो. अडचण होते ती त्याच्या उजव्या हाताच्या बाजूला पडणाऱ्या चेंडूंची. तिथे शरीर सरकवण्याऐवजी तो मिट उलटा फिरवून चेंडू खुडायला जातो. खुडला तर तो सहज वाटतो. सुटला तर चेंडू थेट मागच्या भिंतीपर्यंत जातो, कारण वाटेत छातीही नसते आणि मांडीही नसते. पुष्कळांनी याला आळस म्हटले आहे. मला मात्र यात आपल्या हातावरचा फाजील विश्वास जास्त दिसतो, कारण हात खरोखरच चपळ आहेत आणि दुसऱ्या बेसकडची त्याची फेक त्या काळी लीगमधल्या जोरदार फेकींपैकी एक होती.

दोषाचा दुसरा भाग पिचरांकडेही जातो. यांकीजच्या त्या ताफ्यात मासाहिरो तानाकाचा ऐनवेळी खाली कोसळणारा स्प्लिटर होता, डेलिन बेटान्सिसचा कर्व्ह होता आणि लुईस सेव्हेरिनोचा वेगवान स्लायडर होता. हे तिन्ही चेंडू फलंदाजाला फसवून जमिनीकडे जाण्यासाठीच टाकले जातात. ज्या कॅचरसमोर असे पिचर रोज येतात, त्याचा आकडा साध्या तुलनेत वाईट दिसणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच पिचरांचे चेंडू राखीव कॅचर ऑस्टिन रोमाइनही घेत होता आणि अंग मध्ये घालण्याच्या बाबतीत तो माझ्या नोंदीत उजवा ठरतो, हेही इथे सांगायला हवे. सगळे खापर पिचरांवर फोडून मोकळे होता येत नाही.

आता ज्या प्रसंगांवरून सर्वाधिक वाद होतो, त्यांच्याकडे वळतो. 2017 च्या ऑगस्टच्या आरंभी क्लीव्हलंडमधील सामन्यानंतर व्यवस्थापक जो जिरार्डी यांनी सांचेझच्या बचावावर जाहीरपणे बोट ठेवले आणि त्याला बाकावर बसवले. जिरार्डी स्वतः कॅचर होते आणि 1996, 1998 व 1999 मध्ये यांकीजच्या विजेत्या संघांत खेळले होते, त्यामुळे त्या टीकेला वजन होते. त्याच वर्षीच्या 14 ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना होता. ह्यूस्टनच्या कार्लोस कोरेयाच्या दुहेरी (दोन बेस मिळवून देणाऱ्या) फटक्यावर त्याचा सहकारी होझे आल्टुव्हे पहिल्या बेसवरून धावत सुटला. यांकीजच्या डीडी ग्रेगोरियसची फेक प्लेटजवळ आखूड टप्प्यावर पडली, सांचेझला ती धरता आली नाही आणि सामना यांकीजच्या हातून 2-1 असा गेला. या धावेचा पास्ड बॉलशी काडीचा संबंध नाही, तरीही सांचेझच्या विरोधकांच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर असते. फेक अवघड होती, पण धरली असती तर आल्टुव्हे बाद होता, असे माझे मत ती अनेकदा पाहिल्यावरही कायम आहे.

तिसरा प्रसंग 23 जुलै 2018 चा, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गचा. टँपा बे रेजविरुद्ध पहिल्याच डावात जेक बाउअर्स दुसऱ्या बेसवर असताना सेव्हेरिनोचा चेंडू सांचेझच्या अंगाला लागून बाजूला गेला. चित्रफीत संथ करून पाहिली की स्पष्ट दिसते की सांचेझ वळतो आणि चेंडूच्या मागे धावत नाही, रमतगमत जातो. तेवढ्यात बाउअर्स तिसरा बेस ओलांडून थेट घरी, म्हणजे प्लेटवर, पोहोचतो. नवव्या डावात यांकीज 6-7 असे मागे असताना, तिन्ही बेस भरलेले आणि दोघे बाद झालेले असताना, सांचेझने जमिनीलगत फटका मारला. रेजने आधी दुसऱ्या बेसकडे फेक केली, तिथे यांकीजचा धावपटू ॲरन हिक्स वेळेत पोहोचला, आणि तिथून पहिल्या बेसकडे दुसरी फेक गेली तरी सांचेझ पोहोचला नव्हता. सामना तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी जांघेच्या स्नायूच्या दुखापतीमुळे त्याचे नाव जायबंदींच्या यादीत गेले, ही गोष्ट विरोधक सांगत नाहीत. आणि धावता येत नव्हते तर खेळायला उतरायचेच नव्हते, ही गोष्ट समर्थक सांगत नाहीत. या सामन्यानंतरच मी चेंडू सुटल्यावर कॅचर त्याच्यापर्यंत किती लवकर पोहोचतो याचा वेगळा रकाना सुरू केला, कारण अधिकृत नोंदीत हा एक पास्ड बॉल आणि कोपऱ्यात थांबलेला दुसरा कोणताही पास्ड बॉल यांत काहीच फरक दिसत नाही.

आता धावांचा हिशेब करू. चेंडू सुटून धावपटू पुढे सरकला तर प्रतिस्पर्ध्याचा फायदा सरासरीने सुमारे पाव धावेचा धरला जातो. त्या दराने 2018 चे सगळे 18 पास्ड बॉल मिळून साडेचार धावांचे नुकसान झाले, आणि साधारण दहा धावांचा फरक एका विजयाएवढा मानला जातो. म्हणजे सांचेझच्या जागी एकही चेंडू न सोडणारा, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेला कॅचर आणून बसवला असता तरी पास्ड बॉलच्या खात्यातून यांकीजला अर्धा विजयही जास्तीचा मिळाला नसता. त्यात टाळता येण्याजोग्या वाइल्ड पिच मिळवल्या की आकडा वाढतो, आणि तो वाढतो हे माझ्याही रकान्यांतून दिसते. पण रोमाइनला कायमचे खेळवून सांचेझला बाकावर बसवावे इतका तो कधीच वाढत नाही.

याच तराजूत फ्रेमिंग घालून पाहावे. प्लेट 17 इंच रुंद आहे आणि तिच्या कडेला येणारा चेंडू मिटमध्ये शांतपणे घेऊन पंचाला स्ट्राइक वाटेल असा दाखवणे, ही कॅचरची कला. बॉलऐवजी, म्हणजे फलंदाजाच्या बाजूच्या निर्णयाऐवजी, स्ट्राइक मिळाल्याचे मोल धावेच्या आठव्या भागाएवढे आहे, म्हणजे असे दोन चेंडू पदरात पाडून घेतले की एका सुटलेल्या चेंडूची भरपाई होते. कॅचरकडे दर सामन्यात फलंदाजाने न खेळलेले इतके चेंडू येतात की सुटलेल्या चेंडूंचा आकडा त्यापुढे नगण्य वाटतो. 2011 मध्ये आकडेवारीचे अभ्यासक माइक फास्ट यांनी हे गणित जाहीरपणे मांडले तेव्हा होझे मोलिनासारख्या बॅटीने यथातथाच असलेल्या कॅचरची किंमत एकाएकी लक्षात आली. टीव्हीवर मात्र सुटलेला चेंडू दिसतो आणि हरवलेला स्ट्राइक दिसत नाही, म्हणून आरडाओरडा पहिल्याचाच होतो.

समर्थकांच्या बाजूने इतका हिशेब मांडल्यावर विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना पिचरच्या मनात कॅचरविषयी शंका असेल, तर तो आपला सर्वांत घातक चेंडू जमिनीत टाकत नाही, थोडा वर ठेवतो, आणि वर राहिलेला स्प्लिटर फलंदाजाच्या फटक्याने मैदानाबाहेर जातो. हे नुकसान कॅचरच्या खात्यात कुठेच लागत नाही. यासाठी तिसऱ्या बेसवर धावपटू असताना आणि नसताना तानाकाचे स्प्लिटर किती खाली येतात, सांचेझसमोर आणि रोमाइनसमोर, असे चार गट मी पाडले आहेत. फरक आहे असे वाटते, पण रोमाइनचे सामने इतके थोडे आहेत की यावर पैज लावायला मी तयार नाही.

पुढच्या वर्षांतला प्रवास थोडक्यात. 2019 मध्ये चेंडू सुटण्याचे प्रमाण बरेच खाली आले, पण फ्रेमिंग घसरले. अडवण्याच्या तयारीत ताठ बसलेल्या कॅचरला खालचा चेंडू हळुवार उचलता येत नाही. तो तिढा सोडवण्यासाठी यांकीजने मिनेसोटाहून टॅनर स्वॉन्सन या प्रशिक्षकाला आणले आणि सांचेझ एक गुडघा टेकून बसू लागला. त्यावर पुन्हा वाद झाले. पण 2020 मध्ये त्याला बाकावर नेले ते .147 या फलंदाजीच्या सरासरीने, असे माझे स्पष्ट मत आहे. 2017 मध्ये 16 पास्ड बॉल आणि 33 होमरन असताना तो ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंत) होता आणि त्याला सिल्व्हर स्लगर हा फलंदाजीचा पुरस्कारही मिळाला. 2019 मध्ये 34 होमरन मारल्यावर तो पुन्हा ऑल-स्टार झाला. बॅट चालली तोवर बचावाची तक्रार घराच्या आत राहिली, बॅट थांबली तशी तीच तक्रार चव्हाट्यावर आली. कॅचरच्या जागेवर चांगला फलंदाज दुर्मीळ असतो, एवढ्याच भांडवलावर सांचेझचे मोल उभे होते. 2020 च्या प्लेऑफमधील बहुतेक सामने काइल हिगाशिओकाने खेळले आणि मार्च 2022 मध्ये सांचेझ मिनेसोटाला गेला.

त्यानंतर काही आठवड्यांतच यांकीजने टेक्सासकडून होझे ट्रेव्हिनो घेतला. त्याने त्या हंगामात जेमतेम 11 होमरन मारले, पण फ्रेमिंगच्या जोरावर गोल्ड ग्लव्ह आणि प्लॅटिनम ग्लव्ह हे बचावाचे दोन्ही पुरस्कार पटकावले. त्यामुळे नोंदवहीचा पुढचा भाग ट्रेव्हिनोच्या 2022 च्या हंगामाचा असेल, याच रकान्यांसह, म्हणजे तुलना एकाच मापाने होईल. 2026 च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देण्याची पद्धत मेजर लीगमध्ये लागू असल्याने त्या सामन्यांसाठी एक नवा रकानाही आखला आहे. प्रत्येक संघाला दोन आव्हाने, आव्हान खरे ठरले तर ते शिल्लक राहते, आणि मागण्याचा हक्क फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचर यांना. कॅचरने आव्हान कोणत्या डावात, किती बॉल-स्ट्राइक झालेले असताना मागितले आणि कोणते सोडून दिले, हे त्यात लिहायचे आहे. सोडून दिलेल्यांची नोंद ठेवणे जास्त कष्टाचे आहे, तेव्हा ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी एकेक संघ वाटून घ्यावा.